एकच इन्सर्ट, दोन सीएमएम, दोन वेगळे रिपोर्ट: आधी काय तपासावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पी२० पोलादाच्या, ३४० मिमी लांब आणि ११० मिमी रुंद इन्सर्टवर, म्हणजे मोल्डमध्ये बसवायच्या ठोकळ्यावर, १२ एच७ मापाचे (१२ मिमी व्यासाचे, एच७ टॉलरन्सचे) आठ होल आहेत, चार-चारच्या दोन रांगांत. तुमच्या सीएमएमवर, म्हणजे स्पर्शाने बिंदू मोजणाऱ्या यंत्रावर, आठही होलचा जागेतील फरक ५ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) आत आला. ग्राहकाच्या सीएमएमवर त्यांपैकी चार होल बाद ठरले. कॅड मॉडेल दोघांचे एकच आहे, दोन्ही यंत्रांची कॅलिब्रेशनची मुदत चालू आहे, आणि ग्राहक इन्सर्ट नवा करून मागतो आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: यंत्र कोणाचे खरे, ग्राहकाच्या रिपोर्टमध्येही सर्वांत मोठा फरक ०.०६५ मिमी असताना आणि टॉलरन्स (मान्य फरक) ०.०८ मिमी असताना होल बाद कसे, आणि आता नवी सीएमएम घ्यावी की नवे सॉफ्टवेअर.

मी आयटीआयमधून टूल अँड डाय मेकर होऊन भोसरीत बेंचवर कामाला लागलो आणि गेली पंधरा वर्षे टूलरूमच्या मोजमाप कक्षात आहे. अशी भांडणे मी दोन्ही बाजूंनी लढलेली आहेत, म्हणून आधीच सांगतो की तुमच्या प्रकरणात दोन्ही यंत्रे बहुधा खरेच बोलत आहेत. माप कोठून घ्यायचे हे तुम्ही दोघांनी त्यांना वेगवेगळे सांगितले आहे. हे मी अंदाजाने म्हणत नाही. तुम्ही दोन्ही रिपोर्टचे आकडे दिले आहेत आणि ते नीट वाचले तर बरेचसे उत्तर त्यांतच सापडते.

दुसरा प्रश्न लहान आहे, म्हणून तो आधी संपवतो. ड्रॉइंगवर पोझिशन टॉलरन्स ०.०८ लिहिला आहे आणि त्याच्या आधी व्यासाचे चिन्ह आहे. याचा अर्थ असा की होलचा केंद्रबिंदू खऱ्या जागेभोवती कल्पिलेल्या ०.०८ व्यासाच्या वर्तुळात हवा, म्हणजे कोणत्याही दिशेने जास्तीत जास्त ०.०४ सरकलेला चालेल. ग्राहकाच्या रिपोर्टमध्ये सर्वांत वाईट होलचा वाय दिशेतील फरक ०.०६५ आणि एक्स दिशेतील उणे ०.०१८ आहे. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ०.०६७ येते, आणि पोझिशन म्हणजे त्याची दुप्पट, ०.१३५. त्यामुळे होल बाद आहे आणि ग्राहकाचा हिशोब बरोबर आहे. ड्रॉइंगवर टॉलरन्सच्या पुढे वर्तुळातला ‘एम’ असता तर होल १२.००० पेक्षा जितका मोठा तितका बोनस मिळाला असता. तुमचे होल १२.०१४ आहेत, म्हणजे ०.०८ चे ०.०९४ झाले असते, आणि तेवढ्यानेही हा होल वाचला नसता. अनेक अनुभवी कारागीर एक्स आणि वायचे आकडे थेट टॉलरन्सशी ताडून पाहतात, त्यामुळे ही चूक तुमची एकट्याची नाही.

आता मुख्य मुद्दा. दोन रिपोर्ट जुळत नसतील तर पहिले काम म्हणजे कोणत्याही यंत्राला हात न लावता फरकांचा नमुना पाहणे. सगळ्या होलचा फरक एकाच दिशेने आणि सारखाच असेल तर मूळबिंदू सरकला आहे. डेटमपासून, म्हणजे माप जेथून घ्यायचे त्या आधार पृष्ठापासून, दूर जावे तसा फरक त्याच दिशेत वाढत असेल, म्हणजे एक्सने पुढे गेल्यावर एक्सचाच फरक वाढत असेल, तर तापमान किंवा स्केल (यंत्राची मोजपट्टी) यांचा संशय घ्यावा. एक्सने पुढे गेल्यावर वायचा फरक वाढत असेल तर अक्ष फिरलेला आहे. फरकांना काहीच क्रम नसेल तर मात्र बर (कडेला राहिलेले धातूचे कुसळ), कचरा, सैल स्टायलस (स्पर्श करणारी कांडी) किंवा होलचा खराब आकार अशा गोष्टी शोधाव्या लागतात. प्रत्यक्षात हे नमुने एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून त्यांना वेगळे करावे लागते.

तुमचे आकडे पाहा. तुमच्या ड्रॉइंगवर ए, बी आणि सी असे तीन डेटम आहेत. सी डेटमपासून २०, ११०, २१० आणि ३०० मिमीवर होल आहेत आणि ग्राहकाच्या रिपोर्टमध्ये त्यांचा वायमधील फरक अनुक्रमे ०.००४, ०.०२४, ०.०४५ आणि ०.०६५ आहे, दोन्ही रांगांत जवळपास तोच. कागदावर आलेख काढला तर पट्टी ठेवल्यासारखी सरळ रेषा येते, आणि तिचा उतार ३०० मिमीत ०.०६५ आहे, म्हणजे कोनाच्या मापात सुमारे ४५ सेकंद. होल पाडताना व्हीएमसीने (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी यंत्राने) प्रत्येक होलला स्वतंत्र चूक केली असती तर ती इतकी शिस्तीत बसली नसती. दुसरा पुरावा एक्सच्या आकड्यांत आहे. प्रत्येक स्तंभात वरच्या रांगेचा होल खालच्या रांगेच्या होलपेक्षा १३ मायक्रॉनने उणे बाजूला आहे. दोन रांगांमध्ये ६० मिमी अंतर आहे, आणि ३०० मध्ये ६५ या उताराने ६० मिमीत १३ मायक्रॉनच येतात. दोन्ही दिशांना एकच कोन निघतो, तेव्हा होलांचा अख्खा संच बी डेटमच्या तुलनेत ४५ सेकंदांनी फिरलेला आहे, किंवा बी डेटम होलांच्या तुलनेत फिरलेला आहे, हे जवळपास निश्चित धरायला हरकत नाही.

याची खात्री करण्यासाठी मी नेहमी एक हिशोब करतो, कारण त्याला खर्च येत नाही आणि वादही राहत नाही. दोन्ही रिपोर्टमधून होल ते होल अंतरे काढायची. अलाइनमेंट (जॉबवर अक्ष आणि मूळबिंदू ठरवणे) कोणतीही घेतली, अक्ष कितीही फिरवले, मूळबिंदू कोठेही ठेवला तरी दोन होलांमधील अंतर बदलत नाही. त्यामुळे अंतरे जुळली तर भांडण अलाइनमेंटचे आहे आणि अंतरेच जुळली नाहीत तर भांडण मोजण्याचे आहे. तुमच्या आकड्यांवर मी हा हिशोब केला. रुंदीच्या दिशेतील अंतरे एक-दोन मायक्रॉनमध्ये जुळतात. लांबीच्या दिशेत पहिल्या आणि शेवटच्या होलमधील २८० मिमीचे अंतर ग्राहकाकडे तुमच्यापेक्षा ११ मायक्रॉनने कमी आले आहे. या ११ मायक्रॉनकडे मी पुढे येतो, परंतु होल बाद होण्याचे कारण ते नाही.

मग ४५ सेकंद तुमच्या रिपोर्टमध्ये का दिसले नाहीत? तुम्हीच लिहिले आहे की ‘बेस्ट फिट केल्यावर सगळे हिरवे झाले’. सीएमएमच्या सॉफ्टवेअरमध्ये बेस्ट फिट म्हणजे मोजलेले बिंदू मॉडेलवर असे सरकवणे आणि फिरवणे की सर्व फरकांची वर्गबेरीज कमीत कमी राहील. आठ होलांवरच बेस्ट फिट केले की होलांचा संच मॉडेलमधील होलांवर बसतो आणि बी व सी या डेटमना त्या हिशोबात स्थानच उरत नाही. अशा रिपोर्टवरून आठ होल एकमेकांच्या तुलनेत बरोबर आहेत एवढे कळते, आणि ती माहिती खरी आहे. ड्रॉइंगने मात्र विचारले होते की होल ए, बी आणि सीच्या तुलनेत कोठे आहेत. बेस्ट फिट वाईट नाही. फ्रीफॉर्म कॅव्हिटीचा (मोल्डमधील वक्र पोकळीचा) पृष्ठभाग तपासताना, इलेक्ट्रोडची झीज पाहताना किंवा जुन्या टूलवरून मॉडेल उभे करताना मी ते रोज वापरतो. डेटम दिलेल्या ड्रॉइंगच्या तपासणीत मात्र ते वापरू नये, आणि वापरलेच तर तसे रिपोर्टवर लिहावे.

ड्रॉइंगप्रमाणे अलाइनमेंट करायची म्हणजे तीन-दोन-एक: ए पृष्ठावरून प्रतल, बी पृष्ठावरून अक्षाची दिशा, सी पृष्ठावरून शेवटचा मूळबिंदू. ग्राहकाने तेच केले आहे. पण येथे त्याच्या बाजूलाही एक कच्चा दुवा आहे, आणि तो तुमच्या ड्रॉइंगच्या फोटोत दिसतो. बी पृष्ठ ३४० मिमी लांब दिसत असले तरी मधला आणि पलीकडचा भाग अर्ध्या मिलिमीटरने उतरवलेला आहे. ग्राइंड केलेली, बी म्हणून धरायची पट्टी फक्त ६० मिमीची आहे, तीही सी कडच्या कोपऱ्यात. त्या पट्टीच्या कडा सोडल्या तर स्पर्शासाठी साधारण ४० मिमी उरतात. ग्राहकाने तेथे दोन बिंदू घेतले असतील, तर त्या दोन बिंदूंमध्ये अवघ्या ९ मायक्रॉनचा फरक पडला तरी ३०० मिमीवर तो ६५ मायक्रॉन होऊन उभा राहतो. ९ मायक्रॉन म्हणजे कडेवरची न काढलेली बर, कापडाचा धागा, वाळलेल्या कूलंटचा थर किंवा ग्राइंडिंग व्हीलने टोकाला केलेला किंचित उतार, यांपैकी काहीही असू शकते. म्हणूनच ग्राहकाचा रिपोर्ट पद्धतीने बरोबर असला तरी तो वस्तुस्थिती दाखवतो की पट्टीवरचा कचरा, हे मला येथून सांगता येणार नाही. ते तुम्हाला तपासावे लागेल.

तपासणीचे दोन मार्ग आहेत आणि शक्य तर दोन्ही करावेत. पहिला सीएमएमवर. ए, बी आणि सी पृष्ठे स्पिरिटने पुसावीत, बारीक ऑइल स्टोन हलक्या हाताने फिरवून कडा साफ कराव्यात आणि बीच्या पट्टीवर दोनऐवजी आठ-दहा बिंदू घेऊन रेषा बसवावी. त्या रेषेचा सरळपणा रिपोर्टमध्ये मागावा. तो २-३ मायक्रॉन आला तर रेषेची दिशा विश्वसनीय आहे. ८-१० आला तर कोणता बिंदू वेगळा पडतो ते पाहावे. नंतर होल पुन्हा न मोजता त्याच बिंदूंवर दोन अलाइनमेंट लावून दोन रिपोर्ट काढावेत, एक बेस्ट फिटचा आणि एक तीन-दोन-एकचा. एकाच मोजणीतून दोन्ही रिपोर्ट निघाल्यामुळे त्यांच्यातला फरक यंत्राचा आहे असे कोणालाही म्हणता येत नाही.

दुसरा मार्ग जुना आहे आणि मला तो जास्त आवडतो. खालच्या रांगेतील पहिल्या आणि शेवटच्या होलमध्ये घट्ट बसतील असे ग्राइंड केलेले पिन घाला. इन्सर्ट सरफेस प्लेटवर अँगल प्लेटला धरून उभा करा, असा की बी पृष्ठ वर येईल. खाली एका टोकाला पातळ स्लिप गेज किंवा शिम घालून दोन्ही पिनांची उंची पपी डायलवर (लिव्हरच्या डायल इंडिकेटरवर) एकसारखी करून घ्या, आणि मग तोच डायल बीच्या पट्टीवरून लांबीच्या दिशेने फिरवा. ४५ सेकंदांचा कोन खरा असेल तर ६० मिमीत काटा सुमारे १३ मायक्रॉन सरकेल आणि सलग सरकेल. मध्येच उडी मारली तर ती बर आहे. यासाठी एक मायक्रॉनचा किंवा दोन मायक्रॉनचा डायल लागेल, एक शतांशाच्या (०.०१ मिमीच्या) डायलवर हे दिसणार नाही. ग्राहकाच्या माणसासमोर हे करून दाखवले की पुढची चर्चा फार सोपी होते, कारण सॉफ्टवेअरवर अविश्वास दाखवणारा माणूसही डायलच्या काट्याशी वाद घालत नाही.

यंत्राबद्दलच शंका राहिली असेल तर उलटापालट करून पाहावी. इन्सर्ट टेबलावर १८० अंशांत फिरवून तीच तपासणी पुन्हा करा. इन्सर्टचा दोष इन्सर्टबरोबर फिरतो, यंत्राचा दोष यंत्राबरोबर राहतो. यंत्राच्या एक्स आणि वाय अक्षांच्या काटकोनाची शंका असेल तर ९० अंशांत फिरवा. त्या दोषामुळे आलेल्या फरकाचे चिन्ह बदलेल. कॅलिब्रेशन प्रमाणपत्र हातात असूनही मी महत्त्वाच्या कामाला हे करतो, कारण प्रमाणपत्र ज्या दिवशीचे आहे त्या दिवसाबद्दलच ते बोलते.

आता त्या ११ मायक्रॉनकडे येतो. लांबीची मापे २० अंश सेल्सियसला सांगायची हा आंतरराष्ट्रीय संकेत १९३१ पासून आहे, आणि ड्रॉइंगवर लिहिलेले नसले तरी तो गृहीत असतो. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढते. २८० मिमीला एका अंशात ३.२ मायक्रॉन, म्हणजे ११ मायक्रॉनला साडेतीन अंश. तुमच्या खोलीत एसी २४ वर असतो आणि इन्सर्ट व्हीएमसीवरून उतरवल्यावर तासाभराने मोजला असे तुम्ही लिहिले आहे. सॉफ्टवेअरमध्ये जॉबचे तापमान २० असेच पडून राहिले असेल, तर इन्सर्ट तुमच्याकडे थोडा लांब दिसणे आणि ग्राहकाच्या २० अंशांच्या लॅबमध्ये थोडा आखूड दिसणे हे अपेक्षितच आहे. साडेतीन अंशांचा आकडा मी फार काटेकोर धरणार नाही, कारण तुमच्या यंत्राची स्केल्स कशाची आहेत आणि त्यांचे तापमान सॉफ्टवेअर दुरुस्त करते की नाही यावर तो अवलंबून आहे. क्रम मात्र बरोबर बसतो.

तापमानाबद्दल आमच्या भागातील एक अनुभव सांगतो. येथे एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी असते. आम्ही बुधवारी रात्री मोजमाप कक्षाचा एसी बंद करायचो आणि शुक्रवारी सकाळी आठला चालू करून नऊला कामाला लागायचो. हवा तासाभरात २० वर यायची, भिंतीवरचा थर्मामीटर समाधानी असायचा, पण यंत्राचा ग्रॅनाइट आणि रात्रभर शॉपमध्ये पडलेला जॉब दोघेही अजून उन्हाळ्यातच असायचे. एका मे महिन्यात शुक्रवारच्या मापावर विश्वास ठेवून मी चारशे मिमीचा कोर ब्लॉक मोठा आहे म्हणून ग्राइंडिंगला पाठवला आणि सोमवारी तो ४ शतांशाने लहान निघाला. १० अंशांच्या फरकाला ४०० मिमी पोलाद ४६ मायक्रॉन वाढते, हा हिशोब मला तोंडपाठ होता, फक्त त्या दिवशी मी तो केला नाही. तेव्हापासून जॉबला चिकटवायचा साधा तापमान प्रोब कक्षात असतो आणि रिपोर्टवर जॉबचे तापमान लिहिल्याशिवाय मी सही करत नाही. मोठा ब्लॉक आदल्या संध्याकाळी कक्षात आणून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आणि अॅल्युमिनियम असेल तर हाच आकडा दुप्पट धरावा.

‘कॅड एकच होते’ या वाक्यावर मी एरवी इतका सहज विश्वास ठेवत नाही. तुमच्या प्रकरणात नमुना स्वच्छ आहे, त्यामुळे कॅडचा दोष दिसत नाही, परंतु हे वाचणाऱ्या इतरांसाठी काही गोष्टी लिहितो. मोल्डच्या कामात निदान दोन मॉडेल असतात, प्लास्टिक पार्टचे आणि श्रिंकेज (प्लास्टिक आकसते त्याची भरपाई) दिलेले टूलचे. एबीएससाठी ०.५ टक्के दिले तर मॉडेल १.००५ ने मोठे होते, पण कोणत्या बिंदूभोवती मोठे होते हे डिझायनरला विचारावे लागते. तो बिंदू पार्टचा मूळबिंदू असेल आणि कॅव्हिटीचा केंद्र तेथून १२० मिमी दूर असेल, तर अख्खी कॅव्हिटी ०.६ मिमी सरकते, आणि सीएमएमवाला पार्टचे मॉडेल घेऊन बसला असेल तर त्याला सगळेच चुकलेले दिसते. दुसरी गोष्ट एकतर्फी टॉलरन्सची. ड्रॉइंगवर १५० अधिक ०.०५, उणे शून्य असे माप असेल आणि मॉडेल नेमके १५०.००० वर काढलेले असेल, तर शहाणा मशिनिस्ट १५०.०२५ ला जातो आणि मॉडेलशी तुलना करणारा रिपोर्ट त्याला २५ मायक्रॉनची चूक लावतो. आम्ही डिझायनरला अशी मापे टॉलरन्सच्या मध्यावर मॉडेल करायला सांगतो आणि मॉडेलच्या नावातच तसे लिहून ठेवतो.

फाइल कोणत्या स्वरूपात आली यानेही फरक पडतो. आयजीईएसमध्ये पृष्ठभाग सुटे येतात आणि काही वेळा त्यांची बाजू उलटी होते. सीएमएमचे सॉफ्टवेअर रुबीच्या (स्टायलसच्या टोकावरच्या गोळीच्या) त्रिज्येची दुरुस्ती त्या बाजूवरून करते, त्यामुळे बाजू उलटली की चूक रुबीच्या पूर्ण व्यासाइतकी येते. ही चूक मोठी असते म्हणून लगेच दिसते. न दिसणारी चूक वेगळी आहे. तिरक्या किंवा वक्र पृष्ठभागावर, मॉडेलवरून लंब न घेता, हाताने जॉयस्टिकवर बिंदू घेतला आणि रुबीची दिशा पृष्ठभागाच्या लंबापासून १० अंश चुकली, तर ४ मिमीच्या रुबीला सुमारे ३० मायक्रॉनची चूक होते, २ मिमीच्या रुबीला १५. कॅव्हिटीचे पृष्ठभाग म्हणून नेहमी मॉडेलच्या लंबावरून आणि शक्य तितक्या लहान रुबीने तपासावेत.

होल मोजण्याबद्दल फार लिहीत नाही. चार बिंदूंऐवजी निदान आठ-दहा घ्या आणि दोन खोलींवर घ्या. होल किंचित तिरका असेल आणि तुम्ही १५ मिमी खोल मोजला, ग्राहकाने ३ मिमीवर मोजला, तर दोघांना वेगळा केंद्र मिळेल आणि दोघेही बरोबर असतील. स्टायलस बदलला किंवा प्रोब हेडचा कोन बदलला की रेफरन्स गोळ्यावर पुन्हा क्वालिफाय करा (रुबीचे माप आणि जागा ठरवून घ्या), आणि गोळा आधी पुसा. साध्या टच ट्रिगर प्रोबमध्ये स्टायलस तीन टेकूंवर बसलेला असतो, त्यामुळे वेगवेगळ्या दिशांनी स्पर्श करताना त्याची ट्रिगर होण्याची जागा थोडी बदलते, आणि स्टायलस लांब असेल तर हा फरक वाढतो. बारा मिमीच्या होलला शंभर मिमीचा स्टायलस लावू नये, एवढे पुरे.

आता इन्सर्टचे काय करायचे ते पाहू. हे सर्वस्वी एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे इन्सर्ट मोल्ड बेसमध्ये कशावर बसतो. तो पॉकेटमध्ये बी आणि सी पृष्ठांवर वेजने (पाचरीने) दाबून बसत असेल, तर ड्रॉइंगचे डेटम योग्य आहेत आणि होल खरोखरच समोरच्या अर्ध्या भागाशी जुळणार नाहीत. तो दोन डॉवेलवर (जागा पक्की करणाऱ्या पिनांवर) बसत असेल आणि पॉकेटला चारही बाजूंनी मोकळी जागा असेल, तर बीच्या ६० मिमीच्या पट्टीला काही काम नाही आणि डेटम चुकीचे निवडले आहेत. अशा वेळी ग्राहकाच्या डिझाइन विभागाकडून डॉवेल होल डेटम करून घ्यावेत, पण तोंडी नव्हे, ड्रॉइंगच्या नव्या रिव्हिजनवर. डॉवेलवरून तपासल्यावर होल पास होतात हे आपल्याला माहीत असणे आणि ड्रॉइंगवर ते लिहिलेले असणे यांत बिल मंजूर होण्याइतका फरक आहे.

पहिली शक्यता खरी निघाली आणि डायलनेही १३ मायक्रॉन दाखवले, तरी इन्सर्ट नवा करू नका आणि होल वेल्ड करून पुन्हा पाडण्याचा विचारही करू नका. आठ होल एकमेकांशी बरोबर आहेत, हे दोन्ही रिपोर्ट मान्य करतात. चुकलेली आहे ती एक ६० मिमीची पट्टी. होलांमधील पिनांवरून इन्सर्ट सरळ लावून ती पट्टी सरफेस ग्राइंडरवर एका टोकाला १३ मायक्रॉन आणि दुसऱ्या टोकाला शून्य अशी उतरवली की शेवटच्या होलवरचे ६५ मायक्रॉन जातात. येथे तीन काळज्या घ्या. पट्टी उतरवल्यावर बीचा मूळबिंदू सरासरी सहा-सात मायक्रॉनने सरकेल. तेवढे तुमच्या टॉलरन्समध्ये मावते, पण आधी हिशोबात धरा. पॉकेटमधील बसण्याची पकड एका टोकाला १३ मायक्रॉनने सैल होईल. वेज असेल तर ती भरून निघेल, दाबून बसवण्याचा फिट असेल तर ग्राहकाला आधी विचारा. आणि मॅग्नेटिक चकवर इन्सर्ट पूर्ण जोराने ओढू नका, कारण ओढलेल्या अवस्थेत ग्राइंड केलेले पृष्ठ चक सोडल्यावर पुन्हा वाकडे होते आणि तुम्ही आहात तेथेच राहता. काम झाल्यावर डीमॅग्नेटाइज करा, नाहीतर पट्टीला चिकटलेली लोखंडाची भुकटी पुढच्या मोजणीत पुन्हा तेच नऊ मायक्रॉन देईल.

हे झाल्यावर लांबीचे ११ मायक्रॉन उरतात. ते सगळेच्या सगळे शेवटच्या होलवर आले तरी पोझिशनमध्ये २२-२४ मायक्रॉन होतात, ०.०८ मध्ये आरामात बसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी काही करायची गरज नाही.

ग्राहकाला पाठवताना नुसता हिरवा रिपोर्ट पाठवू नका. अलाइनमेंट कशी केली, बीवर किती बिंदू आणि कोणत्या लांबीत घेतले, होल कोणत्या खोलीवर मोजले, रुबी किती मिमीची, जॉबचे तापमान किती, मॉडेलची कोणती रिव्हिजन, हे सहा मुद्दे पहिल्या पानावर लिहा आणि त्यांच्याकडूनही हेच सहा मुद्दे मागा. पुढच्या ऑर्डरपासून हे काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्या. आमच्याकडे बी डेटम लांब पृष्ठाच्या एका कोपऱ्यात आलेला दिसला की ड्रॉइंग डिझायनरकडे परत जाते. दोन लहान पट्ट्या, दोन टोकांना, असे त्याने दिले की तेच नऊ मायक्रॉन ३०० मिमीवर जेमतेम दहा राहतात.

राहिला खरेदीचा प्रश्न. तुमच्या यंत्राची अचूकता तुम्ही २.५ अधिक एल भागिले ३०० मायक्रॉन अशी दिली आहे (एल म्हणजे मिमीमधील लांबी), म्हणजे ३०० मिमीला साडेतीन मायक्रॉन. ०.०८ च्या टॉलरन्सला हे यंत्र भरपूर झाले, आणि ०.०२ च्या कामालाही काळजी घेतल्यास चालेल. सॉफ्टवेअरही बदलू नका. तीन-दोन-एक अलाइनमेंट, एकाच मोजणीवर अनेक अलाइनमेंट लावणे आणि जॉबच्या तापमानाची दुरुस्ती या तिन्ही गोष्टी तुमच्या आताच्या आवृत्तीत आहेत, हे तुम्हीच पाठवलेल्या स्क्रीनवरच्या मेनूत दिसते. पैसे खर्च करायचेच असतील तर सुट्टीच्या दिवशीही चालू राहील असा एसी, जॉबच्या तापमानाचा प्रोब आणि एक मायक्रॉनचा चांगला पपी डायल घ्या. पट्टीची तपासणी झाली की डायलचे आकडे येथेच लिहा. ते १३ च्या जवळ नसतील तर माझे निदान चुकले आहे आणि आपल्याला पुन्हा पहिल्यापासून पाहावे लागेल.